हजेरीपट कोणाच्या हाती?



व्याख्यानमालेच्या चालकांना मी माझा विषय कळविला तेव्हा त्यांच्यापैकी एका गृहस्थांनी शंका काढली की, कामगार चळवळीतल्या माणसाने सैन्याच्या इतिहासात का शिरावे? शंका रास्त आहे. मी दहावीपलीकडे शाळा पाहिलेली नाही. जे काही वाचले ते युनियनच्या सभा आटोपल्यावर सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर बसून वाचले, आणि जे इंग्रजीत होते ते कोश शेजारी ठेवून वाचले. तेव्हा इतिहासकाराचा अधिकार मी सांगत नाही. परंतु एका वस्तूशी माझा तीस वर्षांचा संबंध आहे. ती वस्तू म्हणजे हजेरीपट. आम्ही त्याला मस्टर म्हणतो. इतिहास वाचता वाचता माझ्या ध्यानात असे आले की, मोठमोठ्या राज्यांच्या फौजांचे बरेवाईट पुष्कळदा या एका कागदावर ठरले आहे.

आधी माझ्या मस्टरची गोष्ट सांगतो. पुष्कळ वर्षांपूर्वी एका शहरात आम्ही कंत्राटी सफाई कामगारांची संघटना बांधीत होतो. एका विभागाच्या मस्टरवर ४० नावे होती. पहाटे रस्त्यावर उभे राहून मोजले तर माणसे २८ भरली. उरलेली १२ नावे फक्त पगाराच्या दिवशी जिवंत होत. पैसा कोठे मुरतो याचा शोध घेतला तेव्हा मुकादम सापडला, त्याच्यावरचा एक कारकून सापडला, आणि सांगायला लाज वाटते, पण आमच्याच युनियनचे दोन सभासदही सापडले. हे दोघे घरी राहून दुसरा धंदा करीत आणि अर्धा पगार मुकादमाला सोडून देत. सभासद आपले, म्हणून मी गप्प बसलो. तीन महिन्यांनी चौघांनी उचलावयाची कचऱ्याची पेटी दोघी बायकांनी उचलली, आणि त्यांतली एक पाठीने कायमची अधू झाली.

त्या दिवशी मला एक गोष्ट कळली. मस्टरवरच्या खोट्या माणसाचे काम नाहीसे होत नाही. ते कोणत्या तरी खऱ्या माणसाच्या पाठीवर जाते. सफाईच्या कामात त्याची किंमत एका बाईच्या पाठीने मोजली. रणांगणावर ती किती प्राणांनी मोजावी लागत असेल, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मागे लागला. आजचे व्याख्यान हे त्या प्रश्नाचे मी माझ्यापुरते शोधलेले उत्तर आहे.

१

खोटी हजेरी ही आजची युक्ती नव्हे. दिल्लीच्या तख्तावर १२९६ साली आलेल्या अल्लाउद्दीन खिलजीला ती चांगली ठाऊक होती. सवार दाखवायचा एक, घोडा आणायचा दुसऱ्याचा, आणि हजेरी संपली की तोच घोडा पुढच्या सवाराखाली उभा करावयाचा, असा प्रकार चाले. अल्लाउद्दीनने दोन उपाय केले. घोड्याला डाग द्यावयाचा, आणि शिपायाचा हुलिया, म्हणजे चेहरेपट्टीचे वर्णन, दप्तरात लिहून ठेवावयाचे. आजच्या अंगठ्याच्या ठशाचा हा पूर्वज होय.

परंतु अल्लाउद्दीनची खरी अक्कल डागात नव्हती असे मला वाटते. त्याने शिपायाला जमिनीच्या उत्पन्नावर न सोडता रोख पगार देण्यावर भर दिला. बरनी या इतिहासकाराने हा पगार वर्षाला २३४ टंके असल्याचे लिहिले आहे. हा पगार पुरावा म्हणून धान्य, कापड आणि घोडे यांचे बाजारभाव सरकारने बांधून दिले. ते भाव राखण्यासाठी त्याने जी सक्ती केली ती क्रूर होती, आणि तिचा भार शेतकऱ्यावर व व्यापाऱ्यावर पडला. त्या सक्तीचे कौतुक मी करीत नाही. मात्र शिपायाच्या प्रामाणिकपणाची चौकशी करण्यापूर्वी त्याच्या पोटाची चौकशी करावी लागते, हे त्या सुलतानाला उमजले होते. पुष्कळ सुधारणावाद्यांना ते आजही उमजत नाही.

पुढे फिरोजशहा तुघलकाच्या राज्यात, म्हणजे १३५१ ते १३८८ या काळात, काय झाले पाहा. अफीफ या इतिहासकाराने एक हकीकत नोंदविली आहे. एक सवार सुलतानाच्या कानी पडेल अशा रीतीने रडगाणे गात होता. त्याचा घोडा हजेरीत मंजूर होत नव्हता, आणि कारकुनाला द्यावयाचा सोन्याचा टंका त्याच्यापाशी नव्हता. सुलतानाने काय करावे? त्याने कारकुनाला बोलावून जाब विचारावयाचा होता. त्याऐवजी त्याने त्या सवाराला आपल्या पदरचा सोन्याचा टंका देवविला! सवाराने तो कारकुनाच्या हातावर ठेवला आणि घोडा मंजूर करून घेतला. अफीफने ही गोष्ट सुलतानाच्या दयाळूपणाचे उदाहरण म्हणून सांगितली आहे. मला तीत एका सैन्याचे मृत्युपत्र दिसते. ज्या राज्यात खुद्द राजा लाच देऊन आपल्याच कचेरीतून काम करवून घेतो, त्या राज्याच्या फौजेची गणती कोणी करावी? फिरोजशहाच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, १३९८ साली, तैमूर दिल्लीवर चालून आला तेव्हा दिल्लीची फौज त्याच्यापुढे टिकली नाही. त्याला कारणे अनेक होती. पण त्यांत हे एक नव्हते असे कोणी म्हणू नये.

२

अकबराने १५७३-७४ च्या सुमारास डागाची पद्धत पुन्हा कडक केली. तिचा फज्जा कसा उडाला हे बदायुनीने लिहून ठेवले आहे. सरदार आपल्या नोकरचाकरांना शिपायांचे कपडे चढवून हजेरीला आणीत. विणकर, पिंजारी, सुतार, भाजीवाले हेही भाड्याच्या घोड्यावर बसून सवार होत, आणि जहागीर पदरात पडली की आपापल्या धंद्याला परत जात. हे सर्व बादशहाला ठाऊक होते. बदायुनी सांगतो की, अकबराने अशा लोकांना हातपाय बांधून कपड्यांनिशी तराजूत तोलले, आणि चौकशीत कपडे व खोगीरसुद्धा उसने निघाले. आणि मग? या लोकांनाही पोट आहे, असे म्हणून बादशहा डोळे उघडे ठेवून पगार मंजूर करी.

बदायुनी हा अकबराचा टीकाकार होता, तेव्हा त्याचे म्हणणे थोडे ताडून घ्यावे. परंतु पुढे शहाजहानच्या काळात जे झाले ते टीकाकाराच्या बखरीतले नसून सरकारी नियमातले आहे. नियम असा झाला की, जहागिरीच्याच सुभ्यात चाकरी असेल तर मनसबदाराने आपल्या सवारांच्या आकड्याचा तिसरा हिस्सा हजर करावा, दुसऱ्या सुभ्यात असेल तर चौथा हिस्सा. बल्खच्या स्वारीत तर पाचवा हिस्साही पुरेसा मानला गेला. म्हणजे ५,००० सवारांच्या मनसबदाराने १,२५० सवार आणले की त्याची हजेरी पूर्ण झाली. कागदावरची मनसब फुगली होती आणि जहागिरीचे खरे उत्पन्न कागदाइतके येत नव्हते, ही त्यामागची अडचण खरी आहे. पण अडचणीचा परिणाम काय झाला? जी तूट पूर्वी लपवावी लागे ती आता कायदेशीर झाली. चोरी थांबवता येत नाही म्हणून तिला कायद्यात बसवावयाचे, हा संस्थेच्या ऱ्हासातला फार शांत टप्पा असतो. त्या वेळी कोणी ओरडत नाही, कारण सर्वांचे कागद बरोबर असतात.

३

आता आपल्या घरच्या इतिहासाकडे येऊ. शिवाजीमहाराजांच्या लष्करी व्यवस्थेविषयी आपल्याकडे अभिमानाने बोलले जाते. त्या अभिमानात तलवार पुष्कळ येते, लेखणी फारशी येत नाही. कृष्णाजी अनंत सभासदाने जिंजी येथे सतराव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेली बखर उघडा. तीत पागेची बांधणी दिली आहे: २५ बारगिरांवर एक हवालदार, ५ हवालदारांवर एक जुमलेदार, १० जुमल्यांचा एक हजारी. बारगिराचा घोडा सरकारचा, शिलेदाराचा स्वतःचा, आणि महाराजांचा भर पागेवर होता. घोडाच सरकारचा असला म्हणजे उसना घोडा दाखवण्याचे कारणच उरत नाही! वरच्या अधिकाऱ्यांच्या जोडीला हिशेब लिहिणारे वेगळे कारकून दिलेले होते. पगार रोख अथवा सरकारी वरातीने द्यावयाचा, लष्करी माणसाला गाव तोडून द्यावयाचे नाही, असा दंडक होता.

सभासदाने सांगितलेली झाड्याची पद्धत तर मी आमच्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात नेहमी सांगतो. पावसाळा छावणीत काढून दसऱ्याला लष्कर मुलूखगिरीस निघे. निघताना लहानथोर प्रत्येकाच्या जवळच्या चीजवस्तूंची यादी होई. परत येताना पुन्हा झाडा घेतला जाई. यादीपेक्षा जास्त निघेल त्याची किंमत पगारात वळती होई. स्वारीत मिळालेली लूट सरकारची. म्हणजे जिथे सरकारचा डोळा पोहोचत नाही त्या मोहिमेच्या दोन्ही तोंडांना पहारा बसविलेला होता.

गडावरही तोच विचार. हवालदार, सरनोबत आणि सबनीस हे तिघे बरोबरीचे, निरनिराळ्या जातींचे. किल्ल्या एकाकडे, हजेरीचा व हिशेबाचा कागद दुसऱ्याकडे. ज्याच्या हाती माणसे त्याच्या हाती मस्टर नाही. या एका वाक्यात मला सारी व्यवस्था सामावलेली दिसते.

सभासद हा महाराजांचा निष्ठावंत सेवक होता, आणि गेलेल्या धन्याचे वर्णन माणूस गौरवाने करतो, हे मी विसरत नाही. पण महाराजांची पत्रे त्याला दुजोरा देतात. चिपळूणजवळच्या छावणीला लिहिलेल्या पत्रात वैरण आणि दाणा जपून वापरण्याची ताकीद आहे. साठा उधळलात तर पावसाळ्यात घोडी मरतील, मग तुम्ही कुणब्यांना छळू लागाल, आणि रयतेला तुमच्यापेक्षा मोगल बरे वाटतील, असा त्याचा आशय आहे. दुसरे पत्र १६७५ च्या सुमाराचे, प्रभावळीचा सुभेदार जिवाजी विनायक याला लिहिलेले. जंजिऱ्याविरुद्ध पद्मदुर्ग उभा राहत होता, आणि आरमारासाठी पैसा व रसद पोहोचविण्याचा हुकूम या सुभेदाराने पाळला नव्हता. हबशाने काही देऊन तुला फितविले असेल काय, असा रोखठोक सवाल महाराज त्याला करतात, आणि जातीकडे पाहून मुलाहिजा होणार नाही हेही बजावतात. पाहा, त्या सुभेदाराने शत्रूला किल्ला दिला नव्हता, फक्त रसद वेळेवर पाठविली नव्हती. तरी महाराजांनी त्या दिरंगाईकडे फितुरीच्या संशयाने पाहिले. पुरवठ्यातली चूक हा किरकोळ कारकुनी मामला आहे असे त्यांनी मानले नाही.

४

ही व्यवस्था टिकली का नाही? महाराजांच्या नंतर औरंगजेब दक्षिणेत उतरला, खजिना रिता झाला, आणि राज्य जगविण्यासाठी सरदारांना मुलूख तोडून द्यावा लागला. त्या संकटात दुसरा मार्ग फारसा नव्हता. परंतु संकटकाळची तोड पुढे वहिवाट झाली. सरंजामाचा अर्थ असा की, अमुक उत्पन्न घ्यावे आणि अमुक स्वार बाळगावेत. यातले गणित शेंबड्या पोरालाही कळेल. जितके स्वार कमी बाळगावेत तितकी शिल्लक अधिक.

पेशव्यांच्या राज्यकर्त्यांना हे कळत नव्हते असे नाही. त्यांनी सरकारी कारभारावर दरखदार नेमले: दिवाण, मुजुमदार, फडणीस, सबनीस आणि इतर. ज्याच्यावर देखरेख करावयाची त्या अधिकाऱ्याला या दरखदारांना काढून टाकता येत नसे. योजना उत्तम होती. पण पुढे या जागाच वतनासारख्या वंशपरंपरा झाल्या. बाप सबनीस म्हणून मुलगा सबनीस. मोजणारा आणि मोजला जाणारा पिढ्यान्पिढ्या एकाच गावात, एकाच पंक्तीला जेवू लागले म्हणजे मोजणीचे काय होते, ते आम्हां मस्टरवाल्यांना सांगावयास नको. शेवटी दुसऱ्या बाजीरावाच्या काळात मामलतीच मक्त्याने जाऊ लागल्या. १८१८ साली राज्य गेले ते इंग्रजांच्या तोफांनी गेले हे खरे. पण आत कोणते लाकूड पोखरलेले होते तेही सांगितले पाहिजे.

५

कोणी म्हणेल, या जुन्या गोष्टी झाल्या. तर मग आपल्या डोळ्यांदेखतची उदाहरणे घ्या.

१० जून २०१४ रोजी इराकचे मोसुल शहर पडले. कागदावर तेथे मोठी फौज होती, आणि हल्लेखोर तिच्या मानाने फार थोडे होते. त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला इराकचे नवे पंतप्रधान हैदर अल अबादी यांनी संसदेत सांगितले की, केवळ चार डिव्हिजनांत ५०,००० खोटे शिपाई आढळले. इराकी लोकांनी या शिपायांना नाव ठेवले होते ‘फदाईयिन’, म्हणजे अंतराळात राहणारे! शिपायाने घरी राहावे, पगारातला हिस्सा अधिकाऱ्याला द्यावा, आणि अधिकाऱ्याने त्याची हजेरी भरावी. माझ्या त्या दोन सभासदांची हीच रीत होती. आणि जो शिपाई खरोखर नाक्यावर उभा होता, त्याच्या डावीउजवीकडची जागा रिकामी होती.

दुसरे उदाहरण अफगाणिस्तानचे. १५ ऑगस्ट २०२१ रोजी काबूल पडले तेव्हा कागदावर सैनिक आणि पोलीस मिळून सुमारे ३ लाख होते. त्यांतले बहुसंख्य अस्तित्वातच नव्हते, असे त्या सरकारचे अर्थमंत्री राहिलेले खालिद पायेंदा यांनी नंतर सांगितले. अमेरिकेच्या तपासनीस कार्यालयाने या आकड्यांविषयी कित्येक वर्षे इशारे दिले होते. मोजणारा होता, पण त्याचे ऐकणारा नव्हता. अर्थात अफगाण फौजेत जे खरे होते ते हजारोंनी लढले आणि मेले, हेही विसरू नये. पळपुटे म्हणून त्यांची थट्टा करणाऱ्यांना हे ठाऊक नसते.

त्याच देशातली एक लहान गोष्ट मला फार बोलकी वाटते. २००९ साली वर्दक प्रांतात काही पोलिसांचा पगार प्रथमच मोबाइल फोनद्वारे परस्पर त्यांच्या हाती देण्याचा प्रयोग झाला. पगाराची रक्कम वाढविलेली नव्हती. तरी पोलिसांना वाटले की आपल्याला पगारवाढ मिळाली, कारण पूर्वी वरचे साहेब मधला वाटा काढून घेत होते आणि खरा पगार किती हे शिपायाला कधी कळलेच नव्हते. एका अधिकाऱ्याने तर शिपायांची फोनची कार्डेच गोळा करून पगार आपण उचलण्याचा प्रयत्न केला. यंत्र नवे आले, मुकादम जुनाच राहिला. म्हणून ठसा, फोन, यंत्र यांवर कोणी भाबडा विश्वास ठेवू नये. अल्लाउद्दीनचा डागही त्याच्या काळचे यंत्रच होते.

६

आपल्या देशाकडे पाहताना मी घाबरून बोलणार नाही आणि आरडाओरडही करणार नाही. मस्टर माणसांचे असते तसे मालाचेही असते. काश्मीरचे युद्ध चालू असताना, १९४८ साली, इंग्लंडमध्ये २,००० जीपगाड्यांचा सौदा झाला. येऊन पोहोचल्या त्या १५५, आणि त्याही लष्कराच्या कामाच्या ठरल्या नाहीत. हे बाहेर कसे आले? लोकसेवा किंवा देशभक्तीच्या भाषणांनी नव्हे. हिशेबतपासणी आणि संसदेची लोकलेखा समिती यांनी ते धसास लावले. पुढे १९५५ साली सरकारने ते प्रकरण मिटल्याचे जाहीर केले, हा त्या गोष्टीचा कडू शेवट. परंतु मोजण्याची चौकट उभी राहिली होती, आणि आजही महालेखापरीक्षकांचे संरक्षण खात्यावरचे अहवाल संसदेपुढे येतात. ते वाचणारे नागरिक किती, हा प्रश्न मी आपणालाच विचारतो.

ट्रान्सपरन्सी इंटरनॅशनल ही संस्था निरनिराळ्या देशांच्या संरक्षण खात्यांची परीक्षा घेते. ती पाच जागा तपासते: राजकीय देखरेख, पैसा, सेवकवर्ग, मोहिमा आणि खरेदी. २०२० च्या पाहणीत जगभर सर्वांत दुबळी बाजू मोहिमांची निघाली. हे वाचून मला दसऱ्याचा झाडा आठवला. खरेदीच्या दलालीवर वर्तमानपत्रे रकाने भरतात, पण फौज बाहेर पडल्यावर रसद, इंधन आणि पगार यांचे काय होते ते कोण पाहतो?

मी मात्र सामान्य माणसाला लक्षात राहतील असे चार प्रश्न सुचवतो. मस्टर लिहिणाऱ्याची भाकरी, ज्याचे मस्टर लिहावयाचे त्याच्याच हातात आहे काय? शिपायाचा पगार पुरेसा आहे काय, आणि तो मधल्या हाताशिवाय त्याला मिळतो काय? तूट दाखविणाऱ्या माणसाला संरक्षण मिळते की त्याची बदली होते? आणि लोकप्रतिनिधींना आकडे पाहता येतात काय? या चार प्रश्नांची उत्तरे ज्या खात्यात नीट मिळतात तेथे सेनापती साधू नसला तरी चालते. जेथे मिळत नाहीत तेथे सेनापती साधू असूनही भागत नाही.

यावर एक आक्षेप नेहमी येतो की, राष्ट्राच्या सुरक्षिततेचा मामला गुप्त असतो, तेथे प्रश्न विचारणे देशद्रोह होय. तोफ कोठे रोखली आहे हे गुप्तच असावे, त्याबद्दल वाद नाही. परंतु पलटणीत नसलेले शिपाई ही कसली गुप्त बाब? मोसुलवर चालून येणाऱ्यांना समोरची फौज पोकळ असल्याचा सुगावा होता. अंधारात होता तो कर भरणारा इराकी नागरिक, आणि नाक्यावर उभा असलेला गरिबाचा मुलगा. त्या मुलाच्या बाजूने प्रश्न विचारणे याला मी देशभक्ती समजतो.

आता माझ्या मस्टरचा शेवट सांगून थांबतो. त्या बाईच्या अपघातानंतर मी त्या दोघा सभासदांची नावे उघड केली. रोज पहाटे हजेरी सर्वांदेखत मोठ्याने वाचली जावी आणि ती कामगारांतल्याच एकाने पडताळावी, ही मागणी आम्ही लढून मिळविली. खोटी नावे गळाली, पेटीला चार माणसे आली. युनियनच्या पुढच्या निवडणुकीत मी पडलो, कारण आपल्याच माणसांची नावे सांगणारा पुढारी पुष्कळांना नको होता. त्याचे मला वाईट वाटत नाही. वाईट वाटते ते गप्प बसलेल्या तीन महिन्यांचे. ती बाई पुढे कधी झाडू धरू शकली नाही. मस्टर वाचले जाई तेव्हा ती कधीकधी कोपऱ्यावर येऊन उभी राही, आणि प्रत्येक नावाला ‘हजर’ असा आवाज येतो की नाही, ते ऐकून घरी जाई.